मॅन्युअल लेन्स हाती आली की आधी चार कोपरे तपासा

नवी लेन्स आली की बाहेर पडून फोटो काढावेसे वाटतातच. मी एका ३५ मिमी मॅन्युअल (हाताने फोकस करायच्या) लेन्सच्या बाबतीत तेच केलं. दोन महिन्यांनी मोठ्या प्रिंट काढल्या, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक फोटोचा उजवीकडचा खालचा कोपरा भुरकट आहे. तोवर बदलून घ्यायची मुदत उलटली होती. तेव्हापासून माझ्याकडे आधी तपासणी, मग फोटो.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करा. या लेन्सना बहुधा इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतात, त्यामुळे काही कॅमेरे शटरच सोडत नाहीत. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय सुरू करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) वापरा. फोकस पीकिंगच्या, म्हणजे धारदार कडा दाखवणाऱ्या, रंगीत रेषाही मोठ्या अपर्चरला फसवतात, कारण प्रत्यक्ष धारदार पट्टा त्याहून अरुंद असतो. चित्र मोठं करूनच फोकस करा.

आता इन्फिनिटी, म्हणजे अतिदूरच्या वस्तूवरचा फोकस. किलोमीटरभर लांबचा मनोरा किंवा रात्री एखादा तारा घ्या आणि फोकसची रिंग त्या टोकाला शेवटपर्यंत फिरवा. तारा बारीक टिंब होऊन पुन्हा पसरू लागला, तर लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पुढे जाते आहे. त्याची काळजी नको, पुष्कळ लेन्समध्ये तशी सोय मुद्दाम ठेवलेली असते. शेवटपर्यंत फिरवूनही टिंब जमलंच नाही, तर मात्र दोष आहे.

पण तो लेन्सचाच असेल असं नाही. मधे अ‍ॅडॉप्टर (वेगळ्या बनावटीच्या कॅमेऱ्याची लेन्स बसवणारी कडी) असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या. कॅनन ईएफ माउंटचं (लेन्स जिथे बसते त्या जागेचं) सेन्सरपासूनचं अंतर ४४ मिमी, निकॉन एफचं ४६.५, सोनी ई चं १८. अ‍ॅडॉप्टरने मधला फरक नेमका भरून काढायचा असतो. तो फक्त ०.१ मिमी जाड झाला, तर अगदी इन्फिनिटीला थांबणारी ५० मिमी लेन्स सुमारे २५ मीटरपलीकडे नेमका फोकस करू शकत नाही. २० मिमी लेन्स तर जेमतेम ४ मीटरवर अडते. वाइड लेन्सला अ‍ॅडॉप्टर लावताना म्हणूनच जास्त जपायचं. दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला की दोषी कोण ते कळतं.

खरी परीक्षा चार कोपऱ्यांची. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढण्याची पद्धत मला पटत नाही, कारण कॅमेरा किंचित तिरका असला तरी एक बाजू मऊ दिसते आणि दोष विनाकारण लेन्सवर येतो. त्याऐवजी दूरचीच एक बारकाव्याची वस्तू निवडा, मनोऱ्याची जाळी उत्तम. फ्रेमच्या मध्यभागी फोकस करा आणि नंतर रिंगला हात लावू नका. कॅमेरा वळवून तीच जाळी चारही कोपऱ्यांत आणा, प्रत्येकी दोन फोटो घ्या. हे सकाळी लवकर करा, उन्हं तापली की हवाच थरथरते. चारही तुकडे शंभर टक्के आकारात शेजारी ठेवून पाहा. चारही सारखेच मऊ असतील, तर तो त्या मॉडेलच्या रचनेचा स्वभाव, त्याच मॉडेलची दुसरी लेन्स घेऊन फरक पडणार नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू वितळल्यासारखी दिसली, तर एखादी काच तिरकी किंवा सरकून बसली आहे. याला डीसेंटरिंग म्हणतात.

अपर्चर उघडं ठेवून फोकस केला आणि मग ते लहान करून, समजा एफ/२.८ ला, फोटो काढला तर फोकस मागे सरकलेला दिसू शकतो. मोठ्या अपर्चरच्या लेन्सचा हा प्रकाशीय गुणधर्म आहे. ज्या अपर्चरला फोटो काढायचा, त्यालाच फोकस करा. रिंगवरचे मीटरचे आकडे थोडे चुकीचे असतील तर सोडून द्या. पण पुढचा भाग बोटाने हलवल्यावर पडद्यावरचं चित्र उडी मारत असेल, तर लेन्स परत करा.

इन्फिनिटी जमवण्याचे बारीक स्क्रू काही लेन्समध्ये रिंगच्या रबराखाली असतात आणि सवयीच्या हाताला ते जमतं. मात्र मुदत संपेपर्यंत रबर उचलू नका. डीसेंटरिंग घरी दुरुस्त होत नाही. त्यासाठी चारही कोपऱ्यांचे तुकडे एका चित्रात जोडा, अपर्चर आणि अंतर लिहा आणि विक्रेत्याला पहिल्याच आठवड्यात पाठवा.