मेंदूला मार लागलेल्या रुग्णाची हालचाल तपासताना या चुका टाळा

अपघातात मेंदूला मार लागलेला तरुण रुग्ण वॉर्डाच्या व्हरांड्यातून आधाराशिवाय चालत गेला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाइलवर 'स्वतंत्रपणे चालतो' अशी नोंद होऊन तपासणी संपते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. तोल तपासण्याच्या बर्ग बॅलन्स स्केल या चाचणीत 14 कृती आणि 56 गुण असतात. परंतु ती मुळात वृद्धांसाठी तयार झालेली असल्याने पंचविशीतला रुग्ण जवळपास पूर्ण गुण मिळवतो आणि तरीही त्याला धावता येत नाही किंवा कठडा न धरता जिना उतरता येत नाही. हीच उणीव ओळखून मेलबर्नमधील फिजिओथेरपिस्ट गॅव्हिन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हायमॅट ही अवघड हालचाली तपासणारी चाचणी मांडली. तिच्यात उलटे चालणे, चवड्यांवर चालणे, धावणे, लंगडी, जिना अशा 13 बाबी आणि एकूण 54 गुण आहेत. मात्र जो रुग्ण काठी किंवा वॉकरशिवाय 20 मीटर चालू शकत नाही, त्याच्यावर ती लादू नये.

10 मीटर चालण्याच्या चाचणीत रुग्ण जागेवरून निघताच स्टॉपवॉच सुरू केल्यास वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. एकूण 14 मीटरची वाट आखून सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडून द्यावेत. पादत्राणे, स्प्लिंट आणि काठी यांची नोंद मात्र दर वेळी करावी.

दुसरी मोठी चूक म्हणजे शांत खोलीतल्या चालीवर विसंबणे. रस्ता ओलांडताना रुग्णाला चालतानाच हॉर्न ऐकायचा असतो आणि सोबत्याला उत्तरही द्यायचे असते. म्हणून आधी नुसते चालणे, मग बसून 100 पासून तीन-तीन वजा करत मोजणे आणि शेवटी दोन्ही एकत्र, असे तपासावे. मोजता मोजता तो थबकला किंवा त्याचे पाऊल अडखळले, तर ते पायांच्या ताकदीवरून कधीच कळले नसते.

सूचना न समजल्याने चुकलेली कृती अशक्तपणा म्हणून नोंदली जाते, हेही नेहमीचेच. त्यामुळे एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी आणि कृती करून दाखवावी. 'तोल जातो का?' या प्रश्नाला बरेच रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण स्वतःच्या उणिवेची जाणीवच मेंदूच्या दुखापतीने हिरावलेली असते. तोच प्रश्न घरच्यांना स्वतंत्रपणे विचारावा.

चक्कर येत असल्यास सगळा दोष मेंदूवर ढकलू नये. डोक्याला मार लागल्यावर आतल्या कानातील कण सरकूनही चक्कर येते, पण मानेची इजा नसल्याची खात्री होईपर्यंत त्यासाठीची, मान वळवून रुग्णाला झटकन आडवे करण्याची डिक्स-हॉलपाइक चाचणी करू नये. झोपून आणि उभे राहून रक्तदाब मोजावा; तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवावे. खुबा आखडून दुखत असेल, तर तो बळाने ताणण्याआधी स्नायूंत हाड तयार होत नाही ना, हे पाहावे लागते.

पुनर्तपासणी शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला करावी, ज्या वेळेला पहिली तपासणी झाली होती. सकाळी ताजातवाना असताना मिळालेले गुण आणि दुपारी थेरपीनंतर, स्नायू सैल करणाऱ्या गोळीच्या अमलाखाली मिळालेले गुण एकमेकांशेजारी मांडले, तर रुग्ण खालावला की नुसता थकला, हे ठरवता येत नाही.