धडधड, झोप आणि चहा-कॉफी: कॅफिन बेताने कसे कमी करावे

चहा-कॉफी कमी करण्यापूर्वी आपण ती नेमकी किती घेतो, हे चार दिवस लिहून ठेवावे. नोंद कपांत न ठेवता मिलिलिटरमध्ये ठेवावी, कारण घरातला मोठा मग पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओतला की आपला ‘एकच कप’ अनेकदा दोन कपांचा निघतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, तर दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे.

मेंदूत दिवसभर साचत जाणारे अ‍ॅडेनोसिन आपल्याला पेंग आणते. कॅफिन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. त्याच वेळी अ‍ॅड्रिनलिन वाढल्यामुळे छातीत धडधडते, हात किंचित थरथरतात आणि सवय नसलेल्यांचा रक्तदाब काही काळ चढतो. म्हणून रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये.

माझ्या मते कपांच्या संख्येइतकीच त्यांची वेळ महत्त्वाची आहे. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातले अर्धे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते. गरोदरपणात हा काळ बराच लांबतो. धूम्रपानामुळे तो कमी झालेला असतो. त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याला नेहमीचाच चहा अधिक बाधू लागतो आणि त्या अस्वस्थतेचे सारे खापर मात्र सुटलेल्या सिगारेटवर फुटते.

एकदम बंद केल्यास बारा ते चोवीस तासांत डोके ठणकू लागते. उपाशीपोटी रक्त तपासायला गेलेल्या माणसाचे डोके दुखते, तेव्हा पित्ताला दोष देण्याआधी चुकलेला सकाळचा चहा आठवावा. यासाठी दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करावा: आधी संध्याकाळचा, मग दुपारचा आणि सकाळचा सर्वांत शेवटी. ज्यांना कप सोडवत नाही, त्यांनी चहापूड कमी घालावी आणि चहा फार वेळ उकळू नये. डोकेदुखीवरची गोळी घेताना वेष्टन वाचावे, कारण काही गोळ्यांतही कॅफिन असते.

छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा ठोके वारंवार चुकल्यासारखे वाटणे, यांपैकी काही जाणवल्यास केवळ चहा कमी करून वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्यावा आणि दिवसाला किती चहा-कॉफी होते, ती चार दिवसांची नोंदही सोबत न्यावी.