उन्हाळ्यात गाय भरवताय? आधी गोठा थंड करा

आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. माझी जर्सी संकरित गाय दोन उन्हाळे सारखी उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही, अन् मी रेतन करणाऱ्याला बोल लावत बसलो. दोष माझ्या टीनाच्या गोठ्याचा होता.

गर्भ बरेचदा धरतो, पण टिकत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो जेमतेम दोन ते आठ पेशींचा असतो. त्याची स्वतःची जनुकं पुरती कामाला लागलेली नसतात, म्हणून गायीच्या अंगातली उष्णता त्याला सोसत नाही. नंतर तो तग धरू लागतो. गाय मात्र 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते, अन् आपल्याला वाटते भरलीच नव्हती.

म्हणून रेतनाआधी दोन अन् नंतर चार दिवस तिला उन्हात सोडू नका. दुपारी गुदद्वारात थर्मामीटर लावा. 101.5 फॅरनहाइट ठीक, 102.5 च्या वर गेलं की पाठीवर पाणी ओता अन् लगेच पंखा लावा. पंख्याविना नुसतं पाणी म्हणजे गोठ्यात वाफारा! टीनावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) अंथरा. कुटार-ढेप (भुसा अन् पेंड) पहाटे अन् रात्री द्या.

उन्हाळ्यात माज थोडाच वेळ टिकतो, तोही रात्री. मी पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन शेपटीखाली पाहतो. काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) लोंबताना दिसला की संध्याकाळी रेतन.

मिरगाचा पाऊस पडला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. उन्हाने कमजोर झालेली स्त्रीबीजं सरून नवी यायला दीड-दोन महिने जातात.