ही फळं म्हणजे आंबा नव्हे: बडोद्यात ड्रॅगनफ्रूट, अ‍ॅव्होकॅडो, मँगोस्टीन घेताना या चुका टाळा

खंडेराव मार्केटमध्ये हौसेनं ड्रॅगनफ्रूट घ्यायचं, घरी येऊन कापायचं आणि पहिल्याच फोडीला "यात काय एवढं?" म्हणायचं, हे बऱ्याच घरांत होतं. दोष बहुतेक वेळा फळाचा नसतो. आपण आंब्याच्या सवयीनं वागतो: जरा कच्चं आणायचं, आढी घालायची, रंग चढला की खायचं. आंबा, केळं, पपई आणि अ‍ॅव्होकॅडो उतरवल्यावर पिकतात. ड्रॅगनफ्रूट, रामबुतान, लिची, अननस यांचं तसं नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच. घरी ठेवून ती वाढत नाही, फळ मात्र शिळं होतं. म्हणून फळवाल्याला नुसतं "पाकेलुं आपजो" (पिकलेलं द्या) सांगून भागत नाही.

ड्रॅगनफ्रूट: खवले बघा, सालीचा रंग नंतर

गुजरात सरकारनं जानेवारी २०२१ मध्ये याला 'कमलम्' नाव दिलं. कच्छमध्ये त्याची लागवड होते आणि पावसाळ्यात ताजा माल येतो. घ्यायचं तर तेव्हाच घ्या. गुलाबी साल बघून भुलू नका, ती शिळ्या फळाचीही छान दिसते. सालीवरचे खवले हिरवट आणि लवचिक हवेत. टोकं वाळून तपकिरी झाली असतील, फळ आकाराच्या मानानं हलकं लागत असेल किंवा देठाशी ओलसर मऊपणा असेल, तर ते राहू द्या.

दुसरी चूक कापण्यात होते. या फळाचा मधला भाग सर्वांत गोड, सालीलगतचा पाणचट. आडव्या चकत्या केल्या की टोकाच्या चकत्या ज्याच्या वाट्याला येतात, त्याला फळ बेचव लागतं. कलिंगडासारखं उभं चिरा, चार किंवा सहा फाका करा, म्हणजे प्रत्येक फाकेत मधला गर येतो. साल केळ्यासारखी हातानं सुटते. चमच्यानं खरवडू नका, आतला गुलाबी थर सोबत येतो आणि त्याला तुरट चव असते. फ्रीजमध्ये तासभर पुरे. अगदी गारठलेल्या फळाची आधीच सौम्य असलेली गोडी जिभेला लागत नाही. वरून चिमूटभर मीठ आणि थोडं लिंबू पिळा, चव उठते.

लाल गराचं फळ खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौचाला लालसर रंग दिसू शकतो. बीट खाल्ल्यावर होतं तसंच हे आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा, घाबरतात.

अ‍ॅव्होकॅडो: याला मात्र आढी लागते

हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकतं. दुकानात दगडासारखं टणक मिळालं तर ते खराब नाही. चूक होते ती पुढे: घरी आणताच फ्रीजमध्ये. कच्चं अ‍ॅव्होकॅडो गारठलं की नंतर नीट पिकत नाही, आत काळपट रेषा पडतात. कागदी पिशवीत एका पिकत्या केळ्यासोबत ठेवा, चार-पाच दिवसांत तयार होतं. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू ते काम करतो. बडोद्याच्या मे महिन्यात मात्र पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात ठेवू नका. तीस अंशांच्या वर ते धड पिकत नाही, बाहेरून मऊ आणि आतून रबरासारखं राहतं. माठाजवळची गार जागा बरी.

रंगावर जाऊ नका. हास जातीची साल पिकताना काळी पडते, पण दक्षिणेकडून येणारी बरीच फळं पिकली तरी हिरवीच राहतात. अंगठा देठाजवळ हलकेच दाबा. किंचित दबलं की तयार. पोटाला बोटं खुपसली की तिथे डाग पडतो. पिकल्यावर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

कोशिंबीर करणार असाल तर गरम फोडणी थेट ओतू नका, उष्णतेनं अ‍ॅव्होकॅडो कडवट होतं. हिंग-मोहरीची फोडणी पूर्ण निवू द्या, मगच घाला. लिंबू मात्र कापल्या कापल्या, नाहीतर गर तपकिरी पडतो.

मँगोस्टीन आणि रामबुतान

मँगोस्टीन दिसायला कायम ताजं. फसगत इथेच होते, कारण खराब फळाची साल सडत नाही, लाकडासारखी कडक होते. दोन अंगठ्यांनी दाबून बघा, साल थोडी दबली पाहिजे. आपटलेलं फळ त्याच जागी कडक होतं, तेही नको. फळ उलटं करा: बुडाशी फुलासारख्या पाकळ्या दिसतील. पाकळ्या जितक्या, आत पाकळीदार गर तितक्याच फोडींचा. सहा-सात पाकळ्यांचं घ्या, फोडी लहान असतात आणि मोठी बी असलेली फोड कमी निघते. चाकूनं मधोमध गोल फिरवत फक्त साल कापा, साधारण एक सेंटिमीटर खोल, आणि वरचं झाकण पिळून काढा. सालीचा जांभळा रस कपड्याला लागला तर निघत नाही. गरावर पिवळा चीक दिसला तर तेवढा भाग टाका, कडू असतो.

रामबुतानचे केस बघा. काळे, वाळके केस म्हणजे दिवस झालेले. उघड्या टोपलीत ते दोन दिवसांत सुकतं, म्हणून ओलसर फडक्यासह डब्यात बंद करून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. बी खायची नाही, आणि लहान मुलांना बी काढूनच द्या.

दुधाशी मेळ

शिकरणीत केळ्याऐवजी किवी, किंवा श्रीखंडात ताजा अननस घालण्याचा मोह होतो. थोड्या वेळात सगळं कडू होतं, कारण या फळांतली एन्झाइम्स दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात. कच्च्या पपईतही तेच. अननसाच्या फोडी साखरेबरोबर पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग चक्क्यात घाला. किवी अगदी वाढताना वरून. जिलेटिनची जेली ताज्या अननसानं सेट होत नाही, चायना ग्रासची होते. चक्क्यात आंबटपणा हवाच असेल तर पॅशनफ्रूट घ्या: सुरकुतलेल्या सालीचं, कारण गुळगुळीत साल म्हणजे अजून आंबटढाण. अर्धा किलो चक्क्याला चार फळांचा गर, बिया गाळून.

कमरख: ही चूक जिवावर बेतू शकते

कमरख म्हणजे स्टारफ्रूट, मीठ-मिरची लावून छान लागतं. पण ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत, डायलिसिस चालू आहे, त्यांनी एक फोडही खाऊ नये, रसही नको. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं. आजारी माणसाच्या शरीरात ते साठतं आणि मेंदूवर परिणाम करतं. सुरुवात बहुधा न थांबणाऱ्या उचकीनं, मग उलट्या, भ्रम, झटके. अशा रुग्णानं चुकून खाल्लं असेल तर उचकी थांबण्याची वाट न बघता दवाखाना गाठा आणि कमरख खाल्ल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.