जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीवर: आधी फुकटचे उपाय

गेल्या दिवाळीत माळ्यावरून माझा शाळेतला व्हिडिओ गेम उतरवला. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलंय, खरे गेम वीसच्या आसपास, बाकी तेच पुन्हा पुन्हा. ४३ इंची टीव्हीला जोडून दिला, तर दोनच मिनिटांत भाचा म्हणाला, “मामा, मारिओ पाण्याखाली आहे का?”

तसंच दिसत होतं. कडा विरघळलेल्या, लाल रंग विटांबाहेर सांडलेला, आणि मारिओ जाडा. मी तावातावाने सांगितलं की आमच्या वेळी असं नव्हतं. मग ते सिद्ध करण्यात सुट्टी गेली.

गडबड कुठे होते ते आधी समजून घ्या, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. जुना डब्बा टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत काढायचा: आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या उरलेल्या. पण हे गेम दुसरा हप्ता पाठवतच नाहीत. साधारण २४० रेघांचं चित्र दर वेळी त्याच जागी पुन्हा काढतात, आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला ५० वेळा. डब्ब्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. नवा टीव्ही मात्र समजतो की हा अर्धाच हप्ता आला, आणि लागोपाठची दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणून टाकतो. म्हणून धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, आणि मार खाल्ल्यावर लुकलुकणारा मारिओ कधी कधी गायबच होतो. शिवाय हे विणकाम करायला टीव्हीला वेळ लागतो. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते ती त्यामुळे. तुमची बोटं म्हातारी झालेली नाहीत.

आता रिमोट घ्या. चित्राचं माप ४:३ करा, बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू देत. गेम मोड दिसला तर चालू करा. काही टीव्हींत तो फक्त एचडीएमआयला मिळतो. हालचाल गुळगुळीत करणारी आणि ‘नॉइज’ काढणारी सगळी सोय बंद करा. शार्पनेस मात्र डोळे मिटून शून्यावर नेऊ नका. अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईपर्यंतच खाली आणा, कारण प्रत्येक टीव्हीचा शून्य वेगळा असतो. माझा निम्मा प्रश्न इथेच सुटला.

पुढची भानगड वायरीची. बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळी (चित्राची) आणि पांढरी-लाल (आवाजाची) भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. मी घरातली सेटटॉप बॉक्सची वायर खुपसली आणि स्पीकरमधून नुसता घर्रर्र आवाज आला. पिनच्या कड्यांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. पिवळीच्या जागी लाल जोडून पाहा, बऱ्याचदा चित्र तिथे सापडतं. नाहीच सापडलं तर त्या टीव्हीच्या मॉडेलची वायर घ्या. मला पुण्यात तपकीर गल्लीत मिळाली. काही टीव्हींत पिवळी वायर हिरव्या भोकात घालायची असते. तसं करूनही चित्र कृष्णधवल आलं, तर वायर ठीक आहे, टीव्हीत इनपुट चुकीचं निवडलंय. ‘कम्पोनन्ट’ (हिरवी-निळी-लाल अशा तीन वायरींचं चित्र) ऐवजी ‘एव्ही’ (एकाच पिवळ्या वायरीचं) निवडा.

एवढं करूनही माझ्या पडद्यावर दोन आडवे पट्टे हळूहळू सरकत होते. दोष जुन्या अडॅप्टरचा निघाला, आतला कपॅसिटर वाळलेला. नवा घेताना व्होल्ट आणि पिनची प्लस-मायनस दोन्ही बघा. माझ्या मशीनवर ९ व्होल्ट लिहिलेत म्हणून तुमचंही तेवढंच असेल असं नाही. आणि कॅसेट फुंकू नका. फुंकरीतला ओलावा धातूच्या पट्ट्यांना खातो. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. (मीही पूर्वी फुंकायचोच. आख्खी आळी फुंकायची.)

प्लेस्टेशन २ असेल तर नशीबवान आहात. त्याची पिवळी वायर काढून कम्पोनन्ट घ्या, म्हणजे चित्रासाठी हिरवी-निळी-लाल आणि आवाजासाठी दोन. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, म्हणून ते एकमेकांत सांडतात. इथे ते वेगळे येतात. प्लेस्टेशन ३ ची कम्पोनन्ट वायरही यालाच बसते. फक्त वायर बदलण्याआधी, पिवळी लावलेली असतानाच, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कम्पोनन्ट व्हिडिओ आउट ‘आरजीबी’वरून ‘वाय’ने सुरू होणाऱ्या पर्यायावर न्या, नाहीतर रंग भलतेच येतील. आणि त्यात प्लेस्टेशन १ ची सीडी घातल्यावर टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणाला तर घाबरू नका. तीच २४० रेघांची गोष्ट. बरेच टीव्ही कम्पोनन्टमधून ती घेतच नाहीत. त्या सीडीपुरती पिवळी वायर परत लावा.

राहिला मशीन आणि टीव्हीच्या मधे बसणारा डबा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ची स्वस्त डबी मी घेतली आणि पस्तावलो. तीही टीव्हीसारखीच चूक करते, वर चित्र ताणते आणि स्वतःचा उशीर मिळवते. खरा उपाय म्हणजे २४० रेघा ओळखून त्या थेट दुप्पट-चौपट करणारा डबा. ओएसएससी नावाचा डबा या कामात तरबेज, पण मूळ ओएसएससीला पिवळी वायर चालत नाही, त्यामुळे कॅसेटवाल्या मशीनला तो निरुपयोगी. तिथे रेट्रोटिंक २एक्स किंवा ५एक्स हा डबा हवा. किमती मात्र मशीनपेक्षा कितीतरी जास्त. मी महिनाभर विचार करून मित्राचा उसना आणला. फरक इतका होता की परत करायला अजून टाळाटाळ करतोय.

बदकं मारायच्या बंदुकीला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. नव्या टीव्हीचा उशीर आणि वेगळा पडदा, दोन्ही त्याला चालत नाहीत. भाच्याने पडद्याला नळी टेकवून पाहिली, तरी एक बदक पडलं नाही. शेवटी आईच्या खोलीतला १४ इंची डब्बा टीव्ही ओढून आणला. तो भंगारात द्यायचा विषय घरात सध्या बंद आहे.