व्हार्मिंट रायफलसाठी बुलेट निवडताना

हाताने काडतुसं भरायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो: सगळ्यात अचूक बुलेट कोणती? मी उलट विचारतो, तुमच्या नळीचा पीळ किती? ते माहीत नसेल तर बुलेटची चर्चा तिथेच थांबते.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं प्रेअरी डॉग, ग्राउंड स्क्विरल असल्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी, म्हणजे व्हार्मिंटसाठी, वापरायच्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका पडणाऱ्या) रायफलींबद्दल आहे, आणि तेही जिथे परवाना, काडतूस भरणं आणि शिकार या तिन्ही गोष्टी कायद्यात बसतात तिथलंच. उभा राहिलेला प्रेअरी डॉग जेमतेम तीन इंच रुंद असतो. १०० यार्डांवर एक इंचाचा ग्रुप देणारी, म्हणजे लागोपाठच्या गोळ्या एक इंचाच्या घेरात टाकणारी रायफल ३०० यार्डांवर सगळं नीट जमलं तरी तीन इंच घेते, म्हणजे अख्खा प्राणी त्यातच संपला. वाऱ्याला आणि हाताच्या चुकीला जागाच उरली नाही. हरणावर दोन इंचांचा ग्रुप चालून जातो. इथे नाही. म्हणून या खेळात बुलेटबद्दल इतका कीस काढला जातो.

तर पीळ. .२२२ रेमिंग्टन, .२२-२५० आणि .२२० स्विफ्ट या काडतुसांच्या जुन्या नळ्यांत रायफलिंगचा (नळीतल्या पिळदार खाचांचा) एक पूर्ण फेरा साधारण १४ इंचांत होतो. या नळ्या ५० ते ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सपाट बुडाच्या गोळ्या डोळ्यांपुढे ठेवूनच बनल्या. .२०४ रुगरला १२ इंच, .२४३ विंचेस्टरला बहुधा १०. .२२३ मध्ये मात्र १२, ९, ८, ७ असं काहीही सापडतं, म्हणून ‘माझ्याकडे .२२३ आहे’ एवढ्यावर कोणी बुलेट सुचवत असेल तर त्याचं ऐकू नका. शंका असेल तर स्वतः मोजा: मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो रिकाम्या नळीत ढकला, गजावर खूण करा आणि एक फेरा पूर्ण व्हायला किती इंच आत गेला ते पाहा.

बुलेट स्थिर राहण्यासाठी किती पीळ लागतो हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरतं. डब्यावर ग्रेन छापलेले असतात म्हणून सगळे वजनावर बोलतात, पण वजन ही लांबीची खूण आहे, तीही कच्ची. शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, तांब्याची ८.९६, त्यामुळे त्याच वजनाची शिसेविरहित गोळी लांब भरते आणि १४ इंची नळीत कुरकुरू शकते. लागणारा पीळ काढायचं ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र अंदाजाला आजही बरं आहे, मिलरचं जास्त नेमकं. फक्त पॉलिमर टिप असलेल्या गोळीची पूर्ण लांबी त्यात घातली तर उत्तर उगाच कडक येतं, कारण त्या टोकाला वजन जवळजवळ नसतंच. कागदावर छिद्र लांबट दिसू लागलं तर गोळी आडवी होतेय हे समजा आणि त्या बुलेटचा नाद सोडा. पावडर कमीजास्त करून ते सहसा सुटत नाही.

उलटी बाजूही आहे, आणि ती नवख्यांना कोणी सांगत नाही. फूट प्रति सेकंदातल्या वेगाला ७२० ने गुणा आणि पिळाच्या इंचांनी भागा, मिनिटाला किती फेरे ते मिळतं. ३,५०० च्या वेगाला १४ इंची नळीत हा आकडा १,८०,००० येतो; ८ इंची नळीत ३,१५,०००. पातळ जॅकेटच्या (गाभ्यावरच्या धातूच्या आवरणाच्या) गोळीला हा ताण सोसत नाही. ती वाटेतच फुटते, हवेत करडी रेघ दिसते, कागदावर काहीच नाही, आणि माणूस दुर्बीण सैल झाली म्हणून स्क्रू तपासत बसतो. हॉर्नडीची एसएक्स किंवा सिएराची जुनी ब्लिट्झ या मुळातच कमी वेगासाठी नाजूक केलेल्या गोळ्या आहेत. .२२ हॉर्नेट किंवा .२२२ मध्ये त्या छान वागतात, त्याच .२२-२५० मध्ये पूर्ण वेगाने, वेगवान पिळाच्या नळीतून मारणं म्हणजे गोळी फुकट घालवणं. जास्त वेगासाठी व्ही-मॅक्स, ब्लिट्झकिंग, नोस्लरची व्हार्मिंट बॅलिस्टिक टिप यांसारख्या गोळ्या जास्त सोसतात. तरी निर्मात्याने दिलेली वेगमर्यादा वाचल्याशिवाय डबा घेऊ नये.

गोळी आदळताच फुटायला हवी, यामागे दोन कारणं आहेत. एक, प्राणी तडफडत राहू नये. दुसरं, कडक जमिनीवरून गोळी उडून भलतीकडे जाऊ नये. पातळ जॅकेटची गोळी तुकडे होऊन बऱ्याचदा तिथेच संपते. ‘बऱ्याचदा’ हा शब्द सोडू नका. मागे मातीचा उतार नसेल तर गोळी झाडायचीच नाही. इथेच मॅच बुलेटचा मोह आवरावा लागतो. सिएराची मॅचकिंग कागदावर अप्रतिम चालते, पण तिच्या टोकावरचं बारीक छिद्र फुटण्यासाठी नसतं आणि शिकारीसाठी ती वापरू नका असं सिएराच सांगते. .२४३ मध्येही हेच पाहा: ५५ ते ८७ ग्रेनमध्ये व्हार्मिंटसाठीच्या गोळ्या मिळतात, त्याहून जड गोळ्या बहुतेक हरणासाठी असतात, जॅकेट जाड, लहान प्राण्यातून न उघडता आरपार जाणाऱ्या.

अचूकता कुठून येते, यावर माझं मत बुडाकडे झुकतं. डॉ. फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून १९०९ मध्ये निष्कर्ष छापले: टोक बिघडलं तर फारसं बिघडत नाही, बूड वाकडं असेल तर ग्रुप उधळतो. नळीच्या तोंडाशी वायू सगळीकडून एकाच क्षणी सुटायला हवा, आणि ते बूड ठरवतं. सपाट बूड एकसारखं बनवणं सोपं, म्हणून ३०० यार्डांच्या आत सपाट बुडाची गोळी मी आधी घेतो. निमुळतं, होडीसारखं बूड लांब पल्ल्याला कामाचं. २०० यार्डांवर त्याचा फायदा शोधावा लागतो.

वाऱ्याचा हिशेब मात्र विसरू नका. .२२४ व्यासाच्या व्ही-मॅक्समध्ये ४० ग्रेनचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापण्याची क्षमता, आकडा मोठा तितकं बरं) .२००, ५० चा .२४२, ५५ चा .२५५. हलकी गोळी नळीतून जोरात निघते, झटका कमी देते, आणि दुर्बिणीतून मार कुठे लागला ते स्वतःला दिसतं. हे सुख लहान नाही. पण २५०-३०० यार्डांपुढे वारा तिला उचलून नेतो. माळ उघडा आणि वारा रोजचा असेल तर मी ५० किंवा ५५ घेतो. एकाच रायफलीला सगळ्या पल्ल्यांवर एकच गोळी हवी असेल तरी ५० ग्रेनच सांगेन.

बुलेट ठरली की काडतूस भरण्याचं मॅन्युअल उघडायचं. नेमकी तीच बुलेट, तीच पावडर, आणि सुरुवातीचं म्हणजे सर्वात कमी चार्ज (पावडरचं वजन). तिथून थोडंथोडं वर. वजन सारखं म्हणून एका कंपनीच्या गोळीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. बेअरिंगची, म्हणजे नळीला घासणाऱ्या भागाची, लांबी आणि जॅकेटची धातू बदलली की दाबही बदलतो. तांब्याच्या लांब गोळ्या पुंगळीत (काडतुसाच्या कवचात) खोल बसतात, त्यांना स्वतंत्र आकडेच हवेत. बोल्ट जड उघडू लागला, प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) चपटा दिसला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) चमकती खूण उमटली, तर तिथेच थांबा आणि मागे या. आणि टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. यात चर्चेला जागा नाही.

गोळी किती खोल बसवायची हे टोकावरून मोजू नका. मऊ शिशाची टोकं एका डब्यातही लहानमोठी असतात. कम्पॅरेटर लावून ओजाइव्हवरून, म्हणजे टोकाकडच्या वळणावरून मोजा. रायफलिंगला टेकवण्याचा हट्ट नवख्याने धरू नये, दाब वाढतो. थोडं अंतर ठेवून सुरुवात करा. .२२३ मॅगझिनमधून भरणार असाल तर एकूण लांबी २.२६ इंचांत बसलीच पाहिजे, म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

आता चाचणी. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप पाकिटात घालून फिरणारे खूप भेटतात. तीन गोळ्या काहीही दाखवू शकतात. पाच-पाच गोळ्यांचे अनेक ग्रुप, नळी मधेमधे थंड होऊ देऊन, आणि सगळ्यांची सरासरी. चांगले वेचून काढायचे नाहीत. दोन बुलेटमधला फरक ग्रुपाग्रुपांतल्या चढउतारापेक्षा लहान असेल तर तो फरक नाहीच असं धरा आणि जी सहज मिळते ती घ्या. .२२-२५० किंवा स्विफ्टसारखी काडतुसं नळीचा घसा, म्हणजे रायफलिंग सुरू होतं तो भाग, लवकर खातात, त्यामुळे चाचणी म्हणजे नळी खर्च करणंच आहे. दहा प्रकारचे डबे आणू नका. पिळाला बसणारे दोन, फार तर तीन. बुलेट बदलताना नळीतलं तांबं साफ करा आणि पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नका.

शिसेविरहित गोळ्यांचा विचार काही ठिकाणी ऐच्छिक राहिलेला नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यजीवाच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कायदा नसेल तिथेही मेलेल्या प्राण्यातले शिशाचे बारीक कण ससाण्या-गरुडांच्या पोटात जातात, हे खरं आहे. बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड तांबं आणि कथिल यांच्या भुकटीच्या गाभ्याची आहे आणि ती भरपूर फुटते. पण वर सांगितलेला लांबीचा नियम इथे जास्तच लागू होतो, तेव्हा अशा गोळ्यांत हलकं वजन आधी बघा.

पसंत पडलेली बुलेट मिळाली की डब्यावरचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटचे परवडतील तितके डबे घ्या. लॉट बदलला की ओजाइव्हची जागा किंचित सरकलेली असू शकते. नवा डबा उघडल्यावर कम्पॅरेटरने काही गोळ्या मोजा, फरक असेल तर डाय (गोळी पुंगळीत बसवायचं साधन) पुन्हा लावा आणि चार्ज थोडा खाली आणून पुन्हा वर चढा.