जुन्या एकबारी रायफलीला पॉलिश करण्याआधी

ठाण्याच्या खाडीकाठची हवा लोखंडाला सोडत नाही. आमच्या चुलत्यांकडची परवान्यावरची मार्टिनी-हेन्री ही जुनी ब्रिटिश एकबारी रायफल पावसाळ्यानंतर तांबूस झाली आणि घरात सगळे म्हणाले, घासून नवी करू. मी अडवलं. घासलेलं परत येत नाही.

१. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे याची आधी खात्री करा. मग चारी बाजूंनी फोटो काढा.

२. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. तांब्याच्या जाड तारेचं टोक ठोकून चपटं करा आणि त्याने गंज हलके खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. पॉलिश पेपर आणि वायर ब्रश नकोच.

३. आता उजव्या बाजूचे शिक्के वाचा. आमच्या रायफलीवर मुकुट, व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं, एनफिल्ड (इंग्लंडमधला बंदुकांचा कारखाना) आणि साल निघालं. शिक्के ठसठशीत असतील तर तेलावर थांबा, तो काळपट रंगच तिची किंमत आहे. आधीच कुणी घासून शिक्के पुसले असतील, भाग बदलले असतील, तरच नव्याने बांधणीचा विचार करा.

४. स्क्रू काढायचाच असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीने खाचेत घट्ट बसेल असं घडवा. खाच बिघडली की सगळी शोभा जाते.

सावधगिरी: सुटे भाग बसवणं, दुरुस्ती हे परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचंच काम. आणि चकचकीत झाली म्हणून ती कधीही उडवून बघू नका.